कर्णिकांनी ऐकलेलं पित्त

राजमती उपाध्ये यांच्या औषधाचं कपाट सलग नवव्या दिवशीही उघडलं नाही.

कपाट तसं साधंच होतं. मिरजेच्या त्या इस्पितळात प्रत्येक खाटेशेजारी तसलं एक पांढरं कपाट असायचं. डॉक्टरांनी औषध सांगितलं की ते रुग्णाची नोंद वाचायचं, आतल्या आत खुडबुड करायचं आणि हवी ती बाटली पुढे सरकवायचं. राजमतींच्या वेळी मात्र त्याच्या दारावर लाल पट्टी उमटायची आणि एक सभ्य, जरा सर्दी झाल्यासारखा आवाज म्हणायचा, "क्षमा करा. पेनिसिलिन वर्ज्य. रुग्णाच्या जिवाला धोका."

"आणि न दिल्यानं धोका न्हाई व्हय रे, मुडद्या?" राजमती उशीवरूनच त्याला विचारायच्या.

ताप एकशे दोन असतानाही आक्कांची जीभ शाबूत आहे, एवढाच त्रिशलाला दिलासा होता. त्रिशला त्यांची भावजय. राजमती अठ्ठावन्न वर्षांच्या, जयसिंगपूरच्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवून नुकत्याच निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. धाकटा भाऊ भूपाल आणि त्याची बायको त्रिशला यांच्याबरोबर एकाच घरात राहायच्या आणि सगळी गल्ली त्यांना आक्का म्हणायची. वरणात मीठ कमी पडलं तर ते चार घरांना ऐकू जाईल अशा बेतानं सांगायच्या, आणि त्रिशलाचं डोकं दुखतंय असं दिसलं तर एक शब्द न बोलता सगळ्या पोळ्या लाटून ठेवायच्या. अशा माणसावर धड रागावताही येत नाही.

आक्कांनी दाताचं दुखणं दोन महिने अंगावर काढलं होतं. दातातले जंतू रक्तात शिरले आणि हृदयाच्या झडपेवर जाऊन बसले. पेनिसिलिनऐवजी जे औषध चालू होतं, ते जंतूंना फारसं झोंबत नव्हतं. झोंबत होतं ते आक्कांच्या मूत्रपिंडांना.

"गंमत बघा," डॉ. नफीसा मुजावर त्रिशलाला बाहेरच्या बाकावर बसवून म्हणाल्या. चाळिशीच्या या डॉक्टरीणबाई एरवी भराभर बोलायच्या, आज सावकाश बोलत होत्या. "गेल्या वीस वर्षांत निघालेली निम्मी नवी औषधं आपण वापरून वापरून बोथट केली. पण यांच्या झडपेवरचा जंतू जुन्या वळणाचा आहे. शंभर वर्षांपूर्वीचं पेनिसिलिन दिलं तर चार दिवसांत नांगी टाकेल. आणि नेमकं तेच मला देता येत नाही."

"आणि नाहीच दिलं तर?"

"आणखी चार-पाच दिवस वाट बघता येईल. मग झडप बदलायची शस्त्रक्रिया. मूत्रपिंडं अशी असताना ती..."

इतके दिवस मनात घोळत असलेलं त्रिशलानं विचारलं, "बायकांनाच ही ॲलर्जी जास्त असते म्हणतात. खरंय का हो ते?"

"खरंही आहे आणि खोटंही. आपल्या कातडीखाली, आतड्यात, श्वासनलिकेत मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात. फटाक्यांनी भरलेल्या पेट्याच समजा. एखाद्या औषधाचा शरीरानं धसका घेतला असला, की त्या औषधाला ओळखणारी प्रतिपिंडं या पेट्यांवर वातीसारखी चिकटून बसतात. औषध पुन्हा आलं की वात पेटते, पेटी फुटते. मग अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, कधी दम कोंडतो. बायकांमधलं इस्ट्रोजेन या पेट्या जरा लवकर फुटतील अशा करून ठेवतं. शिवाय बायकांच्या पोटात अँटिबायोटिक जातातही जास्त, लघवीचे त्रास असतात, बाळंतपणं असतात. जितक्या भेटी जास्त, तितकी भांडणाची शक्यता जास्त. इथपर्यंत खरं."

"आणि खोटं?"

"खोट्या असतात त्या नोंदी. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे असं लिहिलेली दहा माणसं आणा, मी तपासते. नऊ जणांना काहीही नसतं. कुणाला लहानपणी तापाचं पुरळ आलेलं, कुणाला नुसती मळमळ झालेली. आणि ही असली नोंद बायकांच्या माथी पुरुषांच्या दुप्पट मारलेली. शरीरातला फरक खरा आहे, पण कागदावरच्या फरकाएवढा मोठा नाही."

"मग आक्कांची तपासणी करा ना."

"कर्णिक मंजूर करत नाहीत. त्यांचं म्हणणं, धोका ठाऊकच आहे, तर तपासायचं कशाला?"

आता हे कर्णिक म्हणजे कुणी गृहस्थ नव्हेत. दवाखान्यातलं डॉक्टर-रुग्णांचं बोलणं ऐकून त्याची नोंद करणारी एक यंत्रणा अकरा वर्षांपूर्वी राज्यभर बसवली गेली. तिचं सरकारी नाव जीभ अडखळेल इतकं लांबलचक. कर्ण म्हणजे कान, या न्यायानं कुणा पुणेकरानं तिला कर्णिक म्हटलं आणि ते नाव चिकटलं. कपाटातून बोलणारा सर्दी झालेला आवाजही त्यांचाच. कर्णिक थकत नसत, चहाला उठत नसत, आणि त्यांनी लिहिलेलं पुसायची कुणाची प्राज्ञा नसे. डॉक्टरांचं गिचमिड अक्षर संपलं म्हणून लोक खूश होते.

कर्णिकांनी लिहिलेलं वाचून 'बरोबर' हे बटण दाबण्यासाठी मात्र माणसं लागत. सांगलीच्या कार्यालयात अशा बावीस नोंद-तपासनीस होत्या, आणि त्यांतली सतरा नंबरची तपासनीस होती त्रिशला उपाध्ये. 'निर्दोष नोंद' असं कोरलेला तांब्याचा पत्रा तिच्या घरच्या शोकेसमध्ये दिमाखात उभा होता. आल्यागेल्याला भूपालच तो दाखवायचा.

त्या दिवशी डॉक्टरांजवळून उठून त्रिशला थेट कार्यालयात गेली. नात्यातल्या माणसाची नोंद उघडायला साहेबांची परवानगी लागते. साहेबांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि एक शब्द न विचारता ती दिली.

लाल पट्टी आठ वर्षांपूर्वीची होती. जयसिंगपुरातला एक छोटा दवाखाना. घसा धरला म्हणून दिलेल्या पेनिसिलिनच्या गोळ्या, आणि दुसऱ्या दिवशीची ही भेट. मूळ आवाज जपून ठेवलेला होता. त्रिशलानं कानाला यंत्र लावलं.

"घसा कसाय आता?" कुणीतरी घाईतले डॉक्टर.

"घसा बराय," आक्कांचा आवाज, आठ वर्षांनी तरणा. "पर गोळीनं पित्त झालं वो. लई."

"मलाबी पित्तच," हा भूपाल. दोघं भावंडं एकाच वेळी आजारी पडली होती आणि एकाच पाकिटातल्या गोळ्या दोघांनी घेतल्या होत्या, ते त्रिशलाला आठवलं.

"हं. बंद करा मग त्या. पुढचे कोण?"

एवढंच. खाली कर्णिकांच्या दोन नोंदी होत्या. भूपाल उपाध्ये, पुरुष: गोळीमुळे आम्लपित्त, किरकोळ. राजमती उपाध्ये, स्त्री: गोळीमुळे अंगावर पित्त, पेनिसिलिन वर्ज्य.

त्रिशलानं ते तीनदा ऐकलं.

मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, पण पित्त हा शब्द दोन्ही घरी पोटभर जेवतो. जळजळलं, मळमळलं, आंबट पाणी आलं, तर ते पित्त. अंगावर लालभडक गांधी उठून खाज सुटली, तर तेही पित्तच. निवांत असलो तर पहिलं 'झालं' आणि दुसरं 'उठलं' म्हणतो, पण डॉक्टर पुढच्या माणसाला हाक मारत असताना कोण क्रियापद निवडत बसतं? आपली माणसं चेहरा बघून ओळखतात. कर्णिकांना चेहरा दिसत नसे. शब्दाला दोन अर्थ असले की कर्णिक बघत, बोलतंय कोण. लाखो नोंदी वाचून ते शिकले होते की औषधानं अंगावर उठतं ते बहुधा बायकांच्या. म्हणून बाई पित्त म्हणाली की ते अंगावर लिहीत आणि बुवा पित्त म्हणाला की पोटात. दुसऱ्या दिवशी त्याच नोंदी पुन्हा वाचत आणि मनाशी म्हणत, बघा, मी म्हटलं नव्हतं? स्वतःच लिहायचं आणि स्वतःच वाचून खात्री करून घ्यायची.

त्रिशलानं पान खाली सरकवलं. तळाशी बारीक अक्षरात होतं: तपासनीस १७. मंजुरीस लागलेला वेळ: चार सेकंद.

सतरा म्हणजे ती स्वतःच. नोंदी नावाशिवाय येत, नुसता आकडा असे, आणि दिवसाला अशा तीनशे नोंदी. आवाज ऐकायची मुभा होती, पण ऐकत बसलं तर तीनशे होत नसत. आपल्याच घरातल्या दोन माणसांवरून तिचं बोट चार सेकंदांत पुढे गेलं होतं.

लाल पट्टी पुसायचे दोन रस्ते होते. एक पुण्याच्या समितीचा. तिला वीस दिवस लागत. दुसरा असा, की जिनं ती मंजूर केली त्या तपासनिसानंच चूक-कबुली द्यायची. ती दिली की पट्टी तत्काळ निघे, मात्र त्या तपासनिसाचं काम थांबे आणि तिच्या अकरा वर्षांच्या सगळ्या मंजुऱ्या पुन्हा तपासायला जात. चूक-कबुली आजवर कुणीच दिली नव्हती. आणि त्रिशलाला नोकरीपेक्षा दुसरीच भीती मोठी वाटली. आक्कांचं पित्त खरंच अंगावरचं असलं तर? कबुली द्यायची, कपाट उघडायचं आणि पहिल्याच थेंबाला आक्कांचा दम कोंडायचा.

म्हणून ती आधी आक्कांनाच विचारायला गेली.

"आक्का, त्या गोळीनं तुम्हाला नक्की काय झालं होतं? पोटात की अंगावर?"

"अंगावरच की! एवढाल्या गांधी!" आक्कांनी हातानं लिंबाएवढं माप दाखवलं. त्या मनगटावर इस्पितळानं दिलेला नव्हे, त्यांचा स्वतःचा आठ वर्षांचा रबरी लाल पट्टा होता, 'पेनिसिलिन वर्ज्य' असं लिहिलेला. लग्नाकार्यात सगळ्या बायका बांगड्या मिरवत तेव्हा आक्का तो मिरवत. "तूच न्हाई का आमसूल भिजवून चोळलंस? इसरलीस? मला अजून डोळ्यांफुडं दिसतंय."

आमसूल भिजवलं होतं, हे खरं. चोळलंही होतं. तिला स्वतःलाच ते आठवत होतं.

दुपारी ती जयसिंगपूरला घरी आली. भूपाल कारखान्यातून जेवायला आलेला होता. त्याचा लेथ मशीनचा छोटा कारखाना होता, माणूस कष्टाळू, बोलायला मोजका. भाकरीचा तुकडा तो एकाच बाजूनं चावत होता.

"दाढ का?"

"हं. मंगळवारी काढायची हाय. सोमवारपास्नं त्या गोळ्या सुरू करायच्या." त्यानं फ्रीजवरच्या पाकिटाकडे मान हलवली. "आक्का कशीय?"

"तशीच." त्रिशला समोर बसली. "अहो, आठ वर्षांपूर्वी तुम्हा दोघांचा घसा धरला होता, गोळीनं पित्त झालं होतं. आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? नवा बनियन हुता माझा. आमसुलाच्या पाण्यानं सगळा जांभळा करून ठिवलास. धुतला तरी डाग गेला न्हाई. शेवटी लेथ पुसायला नेला."

त्रिशला त्याच्याकडे बघत राहिली. "तुमचा बनियन?"

"मग कुणाचा? पाठीला चोळलंस की माझ्या. अर्ध्या तासात पाठभर गांधी आल्या हुत्या."

"आणि आक्कांना?"

"ती तेच पाणी जिरं, साखर घालून प्याली. सकाळपास्नं वकाऱ्या काढत हुती न्हवं? तूच म्हणालीस, एका वाटीत दोघांचं भागलं."

तिचा उजवा तळवा आपोआप उघडला. भूपालच्या पाठीवर खांद्याखाली भट्टीच्या ठिणगीनं भाजल्याचा जुना, रुपयाएवढा गुळगुळीत डाग आहे. आमसुलाचं पाणी चोळताना त्या डागाला धक्का न लावता हात कसा वळवून न्यावा लागे, ते डोकं विसरलं होतं, पण तळवा विसरला नव्हता. आक्कांच्या पाठीवर असा डाग नव्हता. स्वतःच्या हातानं चोळलेलं होतं, आणि तरी कागदावर 'राजमती' आलं म्हणून आठ वर्षं तिनं हातापेक्षा कागदावर विश्वास ठेवला. तिला स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून लाज वाटली.

"दवाखान्यात हे सांगितलं का नाही?"

"सांगितलं की, पित्त झालं म्हणून!"

"ओठ सुजले होते?"

"जरा जड वाटत हुते. छातीतबी घुसमटल्यागत झालं, पर घटकाभरच." भूपालनं ताक संपवलं. "आता पुरुष माणसाला कसली आलीय ॲलर्जी? ते बायकांचं."

त्रिशला उठली. तिनं फ्रीजवरचं पाकीट हातात घेतलं, नाव वाचलं आणि तशीच उभी राहिली. गोळ्या पेनिसिलिनच्याच कुळातल्या होत्या. दातांच्या डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं. भूपालच्या नोंदीत 'आम्लपित्त, किरकोळ' एवढंच होतं, आणि कर्णिकांनी आनंदानं होकार दिला होता. सोमवार परवावर आला होता.

"काय गं? अशी का बघतीस?"

"हात धुवा आणि चला मिरजेला," ती म्हणाली. पाकीट तिनं पर्समध्ये टाकलं, चेन लावली, आणि चेन लागली की नाही ते दोनदा पाहिलं.

चूक-कबुली तिनं गाडीतूनच दिली. गाडी आपली आपण चालत होती आणि मांडीवरच्या टॅबवरून कर्णिक नेहमीच्या सर्दावलेल्या आवाजात विचारत होते, "आपल्या सर्व मंजुऱ्या थांबवण्यात येतील. आपली निर्दोष नोंद रद्द होईल. आपली खात्री आहे?"

तिला शोकेसमधला पत्रा आठवला. तो मिळाला त्या दिवशी आक्कांनी पेढे वाटले होते. क्षणभर बोट थबकलं, हे लपवण्यात अर्थ नाही. अकरा वर्षांची पुण्याई अशी एका बोटानं पुसायची, तर बोट थबकणारच. मग शेजारी बसलेल्या भूपालनं, ज्याला अजून अर्धंच काय ते कळलं होतं, विचारलं, "त्रिशले, आक्का वाचंल न्हवं?" आणि तिनं अंगठा टेकवला.

इस्पितळाच्या दारातच डॉक्टर मुजावर पळत आल्या. "पट्टी गेली! कुणी काढली?"

"मी," त्रिशला म्हणाली. "आणि आता दोघांचं रक्त तपासा. याही गृहस्थांचं."

तपासणीची चकती तळहाताएवढी होती. तिच्यात जिवंत मास्ट पेशींचा पातळ थर. त्यावर रुग्णाच्या रक्ताचा थेंब सोडायचा, रक्तात प्रतिपिंडं असली तर ती पेशींना जाऊन चिकटतात. मग औषधाचा कण टाकायचा. पेशी फुटल्या तर चकती निळी होते, नाही तर दुधासारखी पांढरीच राहते. दोन तासांचा खेळ.

दोन चकत्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. औषध पडल्यावर आक्कांची चकती ढिम्म पांढरी राहिली. भूपालच्या चकतीवर आधी एक ठिपका आला, मग शाईची दौत कलंडावी तसा निळा रंग कडेपर्यंत पसरत गेला.

"बऱ्याच जणांची ही ॲलर्जी आठ-दहा वर्षांत ओसरते," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाल्या. "यांची ओसरलेली नाही. सोमवारी घरी, एकटे असताना ती गोळी घेतली असती तर..."

भूपाल खुर्चीत बसला. "गोळ्या कुठायत?" त्यानं विचारलं.

त्रिशलानं पर्सवर हात ठेवला. "माझ्यापाशी."

त्यानंतर कितीतरी वेळ तो तिच्या त्या पर्सकडे बघत होता.

संध्याकाळी पाचला आक्कांच्या खाटेशेजारचं कपाट नऊ दिवसांत पहिल्यांदा म्हणालं, "उघडत आहे." बाटली पुढे सरकली. चकती पांढरी असली तरी डॉक्टर घाई करणाऱ्या नव्हत्या. आधी मात्रेचा शंभरावा भाग, मग दहावा, मग पूर्ण, आणि मध्ये अर्ध्या अर्ध्या तासाची वाट. दम कोंडलाच तर म्हणून ट्रेमध्ये ॲड्रेनॅलिनची सुई भरून तयार.

पहिला थेंब गेला. त्रिशला खाटेच्या कडेला बसली. आता बोलायचं नाही तर कधी?

"आक्का, ती पट्टी तुमच्या नावावर चुकून लागली होती. कर्णिकांनी चूक केली आणि मी ती न ऐकता मंजूर केली. आठ वर्षांपूर्वी."

आक्का छताकडे बघत होत्या. "किती वेळ लावलास मंजूर करायला?"

"चार सेकंद."

"शाळंत पोरीच्या चित्राला मी चार सेकंदांत मार्क दिलं असतं तर तिच्या आईनं माझी वेणी धरली असती."

त्रिशलाला मान वर करवेना. तिच्या डोळ्यांतून टपकन एक थेंब चादरीवर पडला.

"रडतीस कशाला? मी मेले काय?" आक्कांचा आवाज एकदम खाली आला. "माझंबी काय कमी हाय, त्रिशले? आठ वर्षं सांगत हिंडले, अंगावर गांधी उठल्या म्हणून. खोटं न्हाई सांगत, मला खरंच आठवतंय. आत्ताबी आठवतंय. भूपाच्या पाठीवरच्या बघितल्या असणार, आणि कागदावर माझं नाव आलं तशा माझ्या करून टाकल्या. कागदावर लिहिलेलं एवढं कसं गं खरं वाटतं?"

त्रिशलानं त्यांचा तापलेला हात हातात धरून ठेवला.

दुसरी मात्रा गेली. दहा मिनिटं झाली आणि आक्का दंड खाजवू लागल्या.

"खाजतंय," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांचा हात सुईकडे गेला. त्रिशला ताडकन उभी राहिली. दंडावर खरंच एक लाल, फुगीर गांध होती. भूपाल दाराशी उभा होता तो भिंतीला टेकला. डॉक्टरांनी विजेरी लावली, दंड उलटसुलट पाहिला, पाठ पाहिली, ओठ पाहिले, छातीला नळी लावली. दुसरी गांध कुठेच नव्हती. त्यांनी एकाच गांधीवर विजेरी धरली, मधोमध सुईच्या टोकाएवढा ठिपका होता.

"मच्छर," डॉक्टर म्हणाल्या, आणि एवढ्या मोठ्यानं हसल्या की शेजारच्या खोलीतली नर्स धावत आली.

"मिरजेचे डास!" आक्का करवादल्या. "जयसिंगपूरचे असलं करत न्हाईत."

पूर्ण मात्रा गेली. एक तास गेला, दोन गेले. आक्कांना काहीही झालं नाही, फक्त भूक लागली. त्रिशला व्हरांड्यात गेली, कठड्याला धरून उभी राहिली आणि पोटभर श्वास घेतला. गेल्या नऊ दिवसांत आपण धड श्वासच घेतला नव्हता, असं तिला वाटलं.

तिसऱ्या दिवशी ताप नव्व्याण्णववर आला. पाचव्या दिवशी तो उतरला, तो पुन्हा चढलाच नाही. इंजेक्शनं आणखी महिनाभर घ्यायची होती, पण शस्त्रक्रियेचं नाव कुणी काढेना.

त्रिशलाच्या मंजुऱ्या तपासायला गेल्या त्या तिच्या एकटीच्या राहिल्या नाहीत. साहेबांनी बावीसही जणींच्या नोंदींत 'पित्त' हा एकच शब्द शोधायला लावला. पट्टीवाल्या बायका शेकड्यांनी निघाल्या, आणि 'आम्लपित्त, किरकोळ' असलेले पुरुषही. दोघांनाही तपासणीला बोलावणी गेली. त्रिशलाला काढून टाकतील म्हणून ती मनाची तयारी करून बसली होती. तिला बोलावून साहेब म्हणाले, "बाई, कर्णिकांना काय शिकवायचं ते तुम्हीच सांगा." तिनं एका ओळीचा प्रश्न लिहून दिला. एवढीशी ओळ लिहायला तिला अख्खी सकाळ लागली. तिनं ती घाईत लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

आठवड्यानं भूपाल आक्कांना भेटायला आला. दाढ काढून झाली होती, दुसऱ्या कुळातल्या गोळ्यांवर. गाल सुजलेला होता आणि तोंडात कापूस.

"हात फुडं कर," आक्का म्हणाल्या.

"कशाला? राखीला अजून महिना हाय."

आक्कांनी मनगटावरचा लाल रबरी पट्टा काढला. आठ वर्षं तिथं ऊन लागलं नव्हतं, तेवढीच कातडी गोरी पडली होती. भूपालच्या जाडजूड मनगटाला पट्टा पुरेना. त्रिशलानं एक टोक ओढून धरलं, आक्कांनी दुसरं, आणि शेवटच्या भोकात तो कसाबसा बसला.

"तुझं हुतं, मी सांभाळलं," आक्का म्हणाल्या. "आता तू सांभाळ. आंघोळीलाबी काढायचा न्हाई."

भूपालला काही बोलायचं होतं, पण कापूस होता, आणि डोळेही भरले होते. त्यानं नुसती मान हलवली.

"बरं, पुरं झालं," आक्का उशीला टेकत म्हणाल्या. "ह्या इस्पितळाचा चहा पिऊन पिऊन पित्त झालंय मला."

खाटेशेजारच्या कपाटावर हिरवा दिवा लागला. कर्णिक खाकरल्यासारखे झाले आणि आजवर कधी न विचारलेला प्रश्न त्यांनी अगदी अदबीनं विचारला, "पोटातलं की अंगावरचं?"

"पोटातलं!" तिघंही एकदम ओरडली.